आठ जणांचा शब्द आणि त्यातला पहिला

आमच्या वर्गात मी 'टी' होतो. चहाशी याचा काही संबंध नाही. त्या वयात मला चहा कोणी देतही नव्हतं. टी म्हणजे एका लांबलचक इंग्रजी शब्दाचं शेपूट. त्या शब्दाचं डोकं ज्याच्याकडे होतं त्याला आम्ही जन्मभर 'इन' म्हणत आलो, आणि ही गोष्ट त्याची आहे. माझं मध्येमध्ये येईल, ते सोडून द्या. शेपटाला वळवळायची सवयच असते.

शाळा म्हणजे एक खोली. चार इयत्ता आणि चार भिंती, त्यामुळे हिशेब सोपा होता. प्रत्येक इयत्तेने आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसायचं. गुरुजी एक, फळा एक, इंग्रजीचं पुस्तकही एकच, तेसुद्धा गुरुजींना सासऱ्यांकडून मिळालेलं. लग्नात याखेरीज काही मिळालं नाही, असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांना इंग्रजीतल्या लांब नामांचं विलक्षण वेड. छोटा शब्द दिसला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "कॅट काय, उद्या मांजरही म्हणेल," म्हणायचे. "पोरांनो, माणसाने असा शब्द म्हणावा की म्हणून झाल्यावर खाली बसावंसं वाटलं पाहिजे."

पण असा शब्द आमच्या तोंडात मावायचा कसा? म्हणून त्यांनी एक रीत काढली होती. शब्द तोडायचा आणि वाटून द्यायचा. तोडायचा कुठे, तर जिभेला दम घ्यावासा वाटतो तिथे. प्रत्येक तुकड्यात एक तरी स्वर हवा, कारण स्वर नसला तर त्या तुकड्याला श्वासच नाही, मेलेला तुकडा कुणाच्या गळ्यात घालायचा? असं करत करत एके दिवशी त्यांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं: इनकॉम्प्रिहेन्सिबिलिटी. तुकडे झाले आठ. इन, कॉम, प्रि, हेन, सि, बि, लि, टी. आमच्या भिंतीला पोरंही नेमकी आठ. गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी खडू खिशात घालायचा तो तोंडात घातला.

आठ जण ओळीत उभे राहायचो. गुरुजी पट्टी घेऊन मागून चालत यायचे, डोक्यावर टक् झालं की आपला तुकडा म्हणायचा. टक् टक् टक्, शब्द आमच्यातून पळत जायचा. पुढे पुढे पट्टीही लागेना. शेजाऱ्याचा आवाज कानात पडला की आपलं तोंड आपोआप उघडायचं. कॉम हा गावातल्या गिरणीवाल्याचा मुलगा. प्रि आणि सि या दोघी मैत्रिणी, त्यांच्या मध्ये हेन, म्हणून त्या दोघी हेनवर कायम चिडलेल्या. बि आणि लि सख्खे भाऊ. ते भांडले की शब्दाला मधोमध भगदाड. आपापल्या तुकड्यापलीकडचं कुणालाच येत नव्हतं, खरं सांगतो. मला कोणी घरी विचारलं, "आज काय शिकलास रे?" तर मी म्हणायचो, "टी."

आणि इन हा सुताराचा मुलगा. उंच, कोपराशी सदैव भुसा चिकटलेला, आवाज मात्र असा स्वच्छ की त्याने तोंड उघडलं की बाकीच्या तिन्ही भिंतींची पोरं मागे वळून बघायची. त्याला या कामाचा केवढा तोरा! शाळेत जाताना तो सगळ्यांच्या पुढे चालायचा. दारातून आत शिरताना पुढे, पाण्याच्या माठाशी पुढे.

"मी तोंड उघडल्याशिवाय तुमचा कुणाचा नंबर येत नाही," म्हणायचा. "हा कॉम गिरणीवाल्याचा असेल, पण उभा राहतो माझ्या मागे."

लि आजारी पडला तर त्याचा तुकडा गुरुजी म्हणायचे. हेन मामाकडे गेली तर तिथे नुसतं भोक पडायचं आणि आम्ही हसायचो. इन कधी गैरहजर राहिला नाही. एकदा अंगात ताप असताना बापाचा कोट घालून आला, भिंतीला टेकून "इन" म्हणाला आणि घरी जाऊन झोपला.

मग शाळा तपासायला साहेब येणार असं ठरलं. गुरुजींनी आठवडाभर आम्हाला इतकं घोकवलं की बि झोपेतसुद्धा बि म्हणतो अशी त्याच्या आईची तक्रार आली. साहेब आले. जाड गृहस्थ, घामाघूम झालेले. शाळेत खुर्ची एकच, तिचा मागचा पाय सांध्यात सैल होता. साहेब टेकले मात्र, खुर्ची डुगडुगली आणि साहेबांनी टेबल पकडलं. गुरुजींचा चेहरा पांढरा.

"अरे, तू सुताराचा ना?" ते इनला म्हणाले. "पळ. बाहेर घेऊन जा, पाचर मार आणि लगेच आण. पळ!"

इन खुर्ची डोक्यावर घेऊन पळाला. खिडकीबाहेरून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. साहेब उभ्यानेच घड्याळ बघत होते. "काय ते लवकर दाखवा," म्हणाले. गुरुजींनी खिडकीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि पट्टी कॉमच्या डोक्यावर टेकवली.

कॉम, प्रि, हेन, सि, बि, लि, टी. पाणी वाहावं तसा शब्द वाहत गेला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! उत्तम!" फळ्यावर आठ तुकडे लिहिलेले, ऐकू आले सात, पण साहेबांना काही खटकलं नाही. खरं म्हणजे आम्हालाही खटकलं नाही. इन खुर्ची घेऊन धापा टाकत आत आला, ती साहेबांच्या मागे ठेवली, हलवून दाखवली. जागची हलेना. मग आपल्या जागी, ओळीच्या तोंडाशी, ताठ उभा राहिला.

"सर, आता म्हणू?"

"झालं, बाळा. बस खाली."

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण गुरुजी पडले हाडाचे शिक्षक. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचाच धडा केला. फळ्यावर इंग्रजी शब्द आणि त्याखाली आपला, अनाकलनीयता. "बघा बरं. आवाजाचे सांधे वेगळे असतात आणि अर्थाचे वेगळे. प्रि आणि हेन आपण तोडले खरे, पण दोघे मिळून अर्थ एकच, धरणं, पकडीत घेणं. बि एकटा काही नाही, लि एकटा काही नाही. यातला एक काढा, शब्द लंगडा. पण हा इन! आपल्या 'अन्'सारखा पुढे नुसता अडकवलेला. काढून घेतला तरी मागचा शब्द धडधाकट उभा. फक्त अर्थ उलटा झाला. जे समजत नव्हतं ते समजायला लागलं!" आणि गुरुजी पोट धरून हसले. "काल साहेबांना वाटलं, यांना सगळं समजतं!"

आम्हीही हसलो. इन हसला नाही. तो फळ्यावरच्या पहिल्या तुकड्याकडे बघत होता.

त्या वर्षी त्याने शाळा सोडली. यामुळेच सोडली असं मी म्हणणार नाही. बापाला हाताखाली माणूस हवाच होता. 

पुढे मी आणि तो शहरातल्या एकाच खुर्च्यांच्या कारखान्यात लागलो, आणि आता गंमत बघा. तिथेही ओळच. एकाने लाकूड निवडायचं, दुसऱ्याने कापायचं, तिसऱ्याने रंधा मारायचा, असं करत करत शेवटी पॉलिश. पॉलिशला मी. आणि लाकूड निवडायला इन! वखारीतून आलेल्या फळीवर तो बोटाची गाठ आपटायचा, कान लावायचा, वास घ्यायचा आणि खडूने फुली मारायचा. त्याच्या फुलीशिवाय करवत सुरू होत नव्हती. सकाळी भोंगा झाल्यावर सगळे हात बांधून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. तो मुद्दाम सावकाश यायचा, चष्मा पुसायचा. कापणारा ओरडायचा, "अहो महाराज, मुहूर्त बघताय काय?"

"घाई असेल तर कर सुरू," इन म्हणायचा.

"तुमच्याशिवाय कसं करू?"

हे वाक्य ऐकल्यावर त्याचा चेहरा काय फुलायचा! मला वाटतं तो पगारासाठी येतच नव्हता, या वाक्यासाठी येत होता.

घरी मात्र हे वाक्य त्याला कोणी म्हणत नसे. वहिनी हुशार, तोंडाने फटकळ, घर एकटीने ओढणारी. मी त्यांच्याकडे बसलो असताना घडलेलं सांगतो. इन कामावरून आला, पायातले बूट काढतोय तोच मुलीने सांगितलं, "बाबा, माझं ठरलं."

"काय ठरलं?"

"लग्न. ती माणसं आज आली होती. तुम्ही वखारीत गेला होतात, मग मामांनी होकार देऊन टाकला."

इन एक बूट हातात धरून बसून राहिला. "मला विचारायला नको?"

वहिनी आतून म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणाला असतात का?"

"नाही. मुलगा चांगला आहे."

"मग विचारून काय फरक पडला असता?"

इनने दुसरा बूट काढला. बरं, मुलगा खरोखरच चांगला निघाला, मुलगी सुखात आहे. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही नशिबाने.

मग कारखान्यात मालकांचा मुलगा आला. वाईट मुलगा नव्हे हो, उलट फार अदबशीर. तो येऊन इनच्या शेजारी फळीवर बसला. "काका, पुढच्या महिन्यापासून लाकूड कापूनच येणार. मशीनवर. सगळे तुकडे एकाच मापाचे."

"मग निवडणार कोण?"

"निवडायचं काही उरतच नाही."

"मग मी?"

"तुम्ही आहातच की! तुम्हाला कोण काढतंय? या, बसा, चहा घ्या. लक्ष ठेवा."

लक्ष कशावर ठेवायचं, ते त्याने सांगितलं नाही. इनला दाराशी एक स्टूल मिळालं. भोंगा झाला की कापलेले तुकडे खोक्यातून निघायचे आणि ओळ थेट रंध्यापासून सुरू व्हायची, कापणाराही आता तिथेच. त्याच्याकडे बघत कोणी उभं राहायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याकडे यायचा, तयार खुर्च्यांमधून फिरायचा, एकेक खुर्चीवर बसून अंग डावी-उजवीकडे हलवायचा.

"काय शोधतोस?"

"एक तरी करकरेल, टी. गाठ असलेलं लाकूड आलं असेल कुठेतरी. एक पाय तरी फाटेल."

महिने गेले. एकही करकरली नाही. "चांगल्या झाल्यात," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचं तोंड असं झालं होतं की मी पॉलिशचं फडकं त्याच्यापासून लांब ठेवलं, प्यायचा बेत असेल तर कोण जाणे. विनोद करतोय. पण तेव्हा नव्हतो करत. निवृत्त झाला त्या दिवशी स्टूल तिथेच ठेवून आला. दुसऱ्या दिवशी त्यावर रंगाचे डबे होते.

आता शेवटचं. आम्ही सगळे म्हातारे झाल्यावर आमच्या शाळेची इमारत दुमजली झाली आणि मुख्याध्यापिका म्हणून आल्या गुरुजींच्या नातबाई. आजोबांच्या तोंडून त्यांनी आठ पोरांच्या शब्दाची गोष्ट ऐकलेली. त्या दारोदार फिरल्या. नव्या इमारतीच्या समारंभात ते आठ जण उभे राहून तो शब्द म्हणणार! हेन गेली होती, तिच्या जागी तिची नात. लि गेला होता, त्याच्या जागी त्याचा मुलगा. कॉम आता बडी असामी, समारंभाचा पाहुणा तोच. इनकडे बाई गेल्या तेव्हा मी तिथेच होतो. "काका, तुमच्यापासूनच सुरुवात आहे," असं त्या म्हणाल्या, आणि माझा मित्र, काय सांगू, पोरीसारखा लाजला. वहिनी म्हणाल्या, "चला, या वयात का होईना, कुणाचं तरी तुमच्याकडे काम निघालं."

रोज सकाळी तो खिडकीत उभा राहून म्हणायचा, "इन." पुन्हा, "इन." एका तुकड्याची तालीम! मी म्हटलं, "अरे, माझी टी तरी ऐक." तर म्हणे, "तू शेवटचा आहेस, तुला वेळ आहे."

समारंभाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघे बसने निघालो. बसमध्ये चढतानाही तो पुढे, नेहमीप्रमाणे. बसल्यावर त्याने दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाला, "टी, मी म्हणणार नाही."

"काय म्हणणार नाहीस?"

"माझा तुकडा. उभा राहीन, पण तोंड उघडणार नाही. बघायचंय, थांबतात का."

"अरे वेड्या, सोन्यासारखी संधी आलीय, म्हण आणि मोकळा हो!"

"म्हटलं तर कळणार कसं?" तो खिडकीबाहेर बघत होता. "त्या दिवशी मी बाहेर होतो. कारखान्यात मशीन होतं. घरी मामा होते. दर वेळी काहीतरी कारण होतं बाबा. आज मी समोर उभा असेन. कारण काहीच नसेल. नुसतं थांबायचंय त्यांनी. बाई येऊन म्हणाल्या, काका, म्हणा, तर लगेच म्हणेन."

"आणि नाही थांबले तर?"

"तर कळेल."

यावर मी बोलबोल बोललो, पण तो ऐकायच्या पलीकडे गेला होता.

व्यासपीठावर आम्ही ओळीत उभे राहिलो. समोर पोरंच पोरं, पालक, फुगे. बाईंनी माइकवर सगळी गोष्ट रंगवून सांगितली, पट्टीची टक् टक् सांगितली, सगळे हसले. मग त्यांनी इनकडे हात केला.

इन उभा. ताठ, हात मांड्यांना चिकटलेले, ओठ मिटलेले. सभागृह गप्प झालं. मी टोकावरून वाकून बघत होतो. माझ्या मनात आलं, थांबा रे, थोडं थांबा, कुणीतरी त्याला नावाने हाक मारा. बाई किंचित पुढे झाल्या. माझ्या जिवात जीव आला. पण त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. म्हातारा घाबरला असेल, त्याची फजिती नको, असा चांगलाच विचार केला असणार त्यांनी. त्या कॉमकडे बघून हसल्या आणि मान हलवली.

"कॉम!" कॉम गरजला. भाषणांची सवय त्याला.

प्रि. हेनच्या नातीचं कोवळं हेन. सि. बि. लि. पाणी वाहावं तसं आलं माझ्यापाशी. मी तोंड घट्ट मिटलं. म्हटलं, निदान इथे तरी अडेल. डोकं नाही, शेपूट नाही, बघू काय करता ते.

आणि समोरची सगळी पोरं, बाईंनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलेलं, एका आवाजात ओरडली, "टी!"

काय टाळ्या पडल्या! छप्पर उडायचं बाकी होतं. कॉमने इनच्या पाठीवर थाप मारली. "छान झालं, नाही?" म्हणाला.

मग भाषणं झाली, चहा झाला, माणसं पांगली. मी इनला शोधत परत आलो तर तो व्यासपीठावर एका जुन्या लाकडी खुर्चीशी गुडघे टेकून बसला होता. पाहुण्यांच्या नव्या खुर्च्यांमध्ये ती एक शोभेला म्हणून ठेवली होती. तो बैठकीखाली हात घालून चाचपत होता.

"माझीच पाचर आहे," तो म्हणाला. "अजून हललेली नाही."

मग खुर्चीवर बसला. मीही शेजारच्या खुर्चीत बसलो.

"बघितलंस? तुझ्यावाचूनही झालं," तो मला म्हणाला, आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

"चल, बस चुकेल."

"थांब. कोणीतरी बोलवायला येईल. चहाला तरी बोलावतील."

"चहा संपला, लेका."

"तरी थांब."

सभागृहात कुणी नव्हतं. फुगे जमिनीवर इकडेतिकडे सरकत होते. मी त्याला कारखान्यातले जुने किस्से सांगितले, कापणाऱ्याची नक्कल करून दाखवली, तीही त्याने ऐकली नाही. तो दाराकडे बघत होता. शेवटी दारात शिपाई दिसला. इन ताठ बसला.

शिपाई जवळ आला. "आजोबा, जरा उठता का? खुर्च्या आत ठेवायच्यात."

"आलं की नाही कोणी?" इन मला म्हणाला आणि उठला.

शिपायाने खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली. तो आत जाईपर्यंत खालची पाचर आम्हा दोघांना दिसत होती, घासून घासून काळी पडलेली.

आम्ही स्टॉपवर येऊन उभे राहिलो. बस आली. इन बाजूला सरकला.

"चढ," म्हणाला. "तू आधी."